समोर भोपळे नाहीत, माणसं आहेत

(सोशल अँक्झायटी, म्हणजे चारचौघांत आपली फजिती होईल या भीतीचा विकार, त्यावरच्या उपचारांविषयी पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत आजचा विषय छापलाय तो असा : ‘सामाजिक भीतीचा विकार – औषध, मानसोपचार की दोन्ही?’ या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे, आणि ते संशोधनाच्या आधारानं देणार आहे. पण त्याआधी एक विषय काढते. गेली कित्येक वर्षं तो मला छळतोय, आणि काढायचा तर तो पुण्यातच काढला पाहिजे.

आपलं गाव भाषणांचं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून इथे बोलणाऱ्याला मान आहे आणि ऐकणाऱ्यालाही. त्यामुळे मूल धड बोलायला लागलं की त्याला स्टेजवर चढवायची घाई होते. एक ऑगस्टला टिळक पुण्यतिथी. ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो...’ बघा, अर्ध्या सभागृहानं पुढचं वाक्य मनातल्या मनात म्हटलंसुद्धा! (हशा) वक्तृत्व स्पर्धांविषयी माझी तक्रार नाही. त्यांतून कितीतरी मुलं फुलली आहेत. माझी तक्रार आहे ती विंगेत, भाषणाआधी मुलाच्या कानात जे सांगितलं जातं त्याविषयी. ‘समोर माणसं बसलीत असं समजूच नकोस, भोपळे बसलेत असं समज.’ ‘कुणाच्या डोळ्यांत बघू नकोस, मागच्या भिंतीवर नजर ठेव.’ ‘हात मागे बांध, म्हणजे थरथर दिसत नाही.’ ‘घडाघडा पाठ कर, एक शब्द इकडचा तिकडे होता कामा नये.’

हे सांगणारे आईवडील, बाई, सर सगळे मायेनं सांगतात. ज्या मुलाला मुळात फार भीती वाटत नाही, त्याचं यानं काही बिघडतही नाही. पण ज्याच्या पोटात खरोखर गोळा येतो, जो स्पर्धेच्या आदल्या रात्री झोपत नाही, त्याच्या हातात आपण नेमकी तीच हत्यारं देतो जी पुढे आयुष्यभर त्याची भीती जिवंत ठेवतात. हे माझं मत असतं तर मी इतकं ठासून बोलले नसते. गेल्या तीस वर्षांच्या संशोधनाचा कल मला त्याच बाजूचा दिसतो.

आता एका मुलाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आलेला, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा. हुशार. पूर्वपरीक्षा पार, मुख्य परीक्षा पार, आणि मुलाखतीत मार्कांनी घात केलेला. त्यानं शास्त्री रस्त्याच्या आसपासच्या एका व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासला बरेच पैसे भरले होते. तिथे मिळालेली सूचनांची यादी त्यानं मला दाखवली. समोरच्याच्या दोन भुवयांच्या मध्ये बघा. टेबलाखाली बोटं एकमेकांत घट्ट गुंतवा. बुटात पायाची बोटं दाबून धरा. उत्तराआधी मनात तीन आकडे मोजा. संभाव्य प्रश्नांची उत्तरं शब्दशः तयार ठेवा.

हा मुलगा मेसमध्ये दुसरी पोळी मागत नसे. मागितली तर सगळे बघतील. जेवायला अशा वेळी जायचा की टेबलावर कुणी नसेल. अभ्यासिकेत एकदा बसला की उठायचा नाही, कारण उठलं की खुर्चीचा आवाज होतो. मित्र चहाला बोलवायचे तर हा ‘मला ॲसिडिटी आहे’ म्हणायचा. खरं कारण असं की चहाचा ग्लास हातात धरला की हात कापतो, आणि तो लोकांना दिसेल.

त्याची एक मॉक मुलाखत आम्ही मोबाईलवर चित्रित केली. आधी त्याला विचारलं, ‘व्हिडिओत काय दिसेल?’ तो म्हणाला, ‘घामानं थबथबलेला, ततपप करणारा, थरथर कापणारा माणूस.’ मग आम्ही दोघांनी मिळून व्हिडिओ पाहिला. थरथर जवळजवळ दिसतच नव्हती. दिसत होता एक ताठ बसलेला, समोरच्याकडे धड न बघणारा, प्रश्न संपला तरी तीन मोजेपर्यंत गप्प राहणारा आणि मग एका सुरात पाठ केलेलं म्हणून टाकणारा तरुण. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘मॅडम, हा तर उद्धट वाटतोय.’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मुलाखत घेणाऱ्यांना त्याची भीती दिसलीच नव्हती. त्यांना भीती लपवण्याच्या युक्त्या दिसल्या, आणि त्यांवरून त्यांनी त्याचा स्वभाव ठरवला.

दुसऱ्या खेपेला त्याला उलटं करायला सांगितलं. हात मोकळे, नजर समोरच्याच्या डोळ्यांवर, उत्तर पाठ करायचं नाही, आणि लक्ष स्वतःच्या छातीतल्या धडधडीवर न ठेवता प्रश्नावर. आवाज कापला तर कापू दे. कापला. पण तो स्वतःच म्हणाला की हा माणूस बरा आहे, याच्याशी बोलावंसं वाटतं.

मग आम्ही एका अमृततुल्यात गेलो. संध्याकाळी सहाचा सुमार, ऐन गर्दी. काठोकाठ भरलेला ग्लास उजव्या हातात घ्यायचा, मुद्दाम हात हलवायचा, चहा बशीत आणि थोडा टेबलावर सांडू द्यायचा, आणि मान वर करून बघायचं की कोण बघतंय. निघण्याआधी त्यानं वहीत लिहिलं होतं : ‘निम्मे लोक वळून बघतील, कुणीतरी हसेल, मालक काहीतरी बोलेल.’ पहिल्यांदा त्याच्यानं हात हलवताच येईना. आयुष्यभर जो हात स्थिर ठेवण्यासाठी झगडला, तोच मुद्दाम हलवायचा म्हणजे काय! शेवटी हलवला. चहा सांडला. शेजारचे दोघं मॅचविषयी बोलत होते, ते बोलतच राहिले. पोऱ्या आला, फडकं मारलं आणि ‘अजून एक देऊ का?’ विचारून निघून गेला. वहीतल्या ओळीपुढे मुलानं ‘शून्य’ लिहिलं, आणि त्याखाली स्वतःहून लिहिलं : ‘पोऱ्यानं नवा चहा विचारला.’

तो अधिकारी झाला का, हे मला हमखास विचारतात. नाही झाला. पुढच्या खेपेलाही थोडक्यात राहिला. आता एका पतसंस्थेत वसुलीचं काम करतो, दिवसभर अनोळखी माणसांशी बोलतो, प्रसंगी त्यांच्या शिव्याही खातो. बरं होणं म्हणजे यशस्वी होणं असं आपण धरून चालतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

या सगळ्यामागचा विचार माझा नाही. १९९५ मध्ये डेव्हिड क्लार्क आणि ॲड्रियन वेल्स या दोघा ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी तो मांडला. भित्र्या माणसाला भीतीच्या प्रसंगात वारंवार नेलं की त्याची भीती ओसरते, हे त्याआधीपासून माहीत होतं. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पी यांचं त्यावरचं काम १९५८ चं. पण क्लार्क-वेल्स यांना कोडं पडलं ते असं : या माणसाला रोजच माणसांत जावं लागतं, कॉलेजात, ऑफिसात, बसमध्ये. मग त्याची भीती आपोआप का ओसरत नाही? त्यांचं उत्तर असं, की तो माणसांत जातो पण चिलखत घालून जातो. कमी बोलतो, वाक्य मनात दहादा घोटतो, खिशात हात घालतो, नजर चुकवतो. आणि काही वाईट घडलं नाही की श्रेय चिलखताला देतो : ‘वाचलो, हात खिशात होते म्हणून.’ सायकल शिकताना बाबांनी कॅरिअर सोडलंच नाही तर मुलाला आपला तोल आपणच सांभाळतोय हे कधी कळायचं? तसंच हे. भर म्हणजे त्याचं सगळं लक्ष आत, स्वतःकडे. समोरचा हसून मान डोलावतोय हे त्याला दिसतच नाही. आणि घरी आल्यावर रात्रभर त्या प्रसंगाची उजळणी.

१९९५ मध्येच वेल्स आणि सहकाऱ्यांनी एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला, फक्त आठ रुग्णांचा. नुसतं भीतीच्या प्रसंगात जाणं आणि या युक्त्या सोडून त्याच प्रसंगात जाणं, यांची तुलना. युक्त्या सोडल्या तेव्हा भीतीही जास्त उतरली आणि ‘माझी फजिती होणार’ ही समजूतही जास्त ढिली पडली. आठ रुग्णांवर कुणी इमारत बांधत नाही, मान्य. पण २००६ मध्ये क्लार्क यांच्या गटानं ६२ रुग्णांची चाचणी केली. एका गटाला युक्त्या सोडवणारे, लक्ष बाहेर वळवणारे, अमृततुल्यातल्यासारखे प्रयोग करायला लावणारे उपचार. दुसऱ्याला भीतीच्या प्रसंगांचा सराव आणि शरीर शिथिल करण्याचं तंत्र. तिसरा गट प्रतीक्षा यादीवर. उपचार संपले तेव्हा पहिल्या गटातले ८४ टक्के निदानाच्या कक्षेबाहेर गेले होते, दुसऱ्यातले ४२ टक्के, तिसऱ्यातला एकही नाही. उपचार ज्यांनी घडवला त्यांनीच तो तपासला, हे लक्षात ठेवून हा आकडा ऐका. मोठ्या चाचणीत काय झालं ते पुढे सांगते.

तुमच्यातले बरेच जण आरईबीटीच्या, म्हणजे अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या वाटेनं इथे आलेत, तेव्हा एलिस यांची न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या बागेतली गोष्ट सांगत बसत नाही. एकोणिसाव्या वर्षी बाकावर बसलेल्या शंभर मुलींशी बोलायला गेले आणि जग बुडालं नाही, ती. मला ती आवडते. पण ती एका माणसानं स्वतःवर केलेल्या प्रयोगाची गोष्ट आहे. तिला तुलनेचा गट नाही. एलिस नुसतं वय वाढल्यानंही धीट झाले असते का, हे त्या गोष्टीतून कळत नाही. चाचण्या लागतात त्या याचसाठी.

लाली येण्याच्या भीतीवरचंही एक संशोधन इथेच सांगते. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी, चेहरा लाल होईल या धास्तीनं ग्रासलेल्या लोकांचा आणि तशी धास्ती नसलेल्यांचा चेहरा प्रत्यक्ष यंत्रानं मोजला. लालीत फरक सापडला नाही. फरक होता तो धास्तीत. आपल्याकडे सावळ्या चेहऱ्यावर लाली फारशी दिसत नाही, त्यामुळे लालीची तक्रार कमी ऐकू येते. हाताचा कंप, घाम आणि आवाज कापणं या तक्रारी घेऊन लोक येतात. मोजमाप केलं तर इथेही हेच निघेल असं मला ठामपणे वाटतं.

आणि घर! आपल्याकडे चिलखत रुग्ण एकटा घालत नाही, सगळं घर मिळून ते त्याच्या अंगावर चढवतं. पाहुणे आले की ‘तो अभ्यास करतोय.’ हॉटेलात त्याची ऑर्डर आई देते. गॅसवाल्याला फोन बाबा करतात. कॉलेजातल्या सरांना भेटायला काका जातात. ‘आमचा जरा बुजरा आहे हो, लग्न झालं की सुधारेल.’ अमेरिकेतल्या पाहणीत हा विकार सुरू होण्याचं मधलं वय तेरा निघालं, आणि उपचारापर्यंत पोचायला लागणारा मधला काळ सोळा वर्षं. म्हणजे तेराव्या वर्षी भीती, तिशीच्या आसपास डॉक्टर. मधल्या काळात शिक्षण, नोकरी, लग्न सगळं त्या भीतीच्या कलानं ठरतं. आणि ‘मोठा झाला की जाईल’ म्हणाल, तर तिथल्याच एका दीर्घ अभ्यासात बारा वर्षांच्या पाठपुराव्यात यातून बाहेर पडण्याचं प्रमाण जेमतेम ३७ टक्के निघालं.

येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी २०२० मध्ये जे प्रसिद्ध केलं, ते म्हणूनच मला फार मोलाचं वाटतं. चिंतेचे विकार असलेली १२४ मुलं. निम्म्यांना नेहमीची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं दोन्ही बदलायला शिकवणारा मानसोपचार; मघाचे प्रयोगही त्यातलेच. उरलेल्यांच्या बाबतीत उपचारकांनी मुलांना भेटायचंच नाही, फक्त आईवडिलांना भेटायचं आणि त्यांना दोनच गोष्टी शिकवायच्या : मुलाची भीती खरी आहे हे मान्य करून ‘तुला जमेल’ हा विश्वास दाखवा, आणि त्याच्या भीतीसाठी तुम्ही जी कामं करता ती हळूहळू सोडा. ओरडायचं नाही, ढकलायचं नाही, आपला हात तेवढा काढून घ्यायचा. मुलांना झालेला फायदा सीबीटीपेक्षा कमी नव्हता. आपल्या घरांत, जिथे पंचविशीतल्या मुलाचा फोनही आई घेते, याची गरज किती आहे!

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. पत्रिकेतल्या विषयाकडे आता भराभर येते.

आधी गोळ्या. मुलाखतीआधी प्रोप्रॅनोलॉल घेण्याची पद्धत पुण्यातल्या विद्यार्थ्यांत आहे, खोलीतला मित्रच गोळी देतो. एखाद्या भाषणापुरती धडधड आणि कंप त्यानं कमी होऊ शकतो. पण रोजच्या, सगळीकडे पसरलेल्या सामाजिक भीतीवर त्याच जातीतलं ॲटेनोलॉल १९९२ च्या चाचणीत प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस ठरलं नाही. आणि दमा असलेल्या माणसानं प्रोप्रॅनोलॉल घेणं धोक्याचं आहे. मित्राच्या हातून गोळी घेऊ नका. क्लोनॅझेपाम या चिंता शमवणाऱ्या गोळीचं उलट. ते काम करतं. १९९३ च्या चाचणीत ७८ टक्क्यांना गुण आला, प्लासिबोवर २० टक्क्यांना. पण सवय लागते, आणि खिशातली ती पट्टीच पुढे चिलखत होऊन बसते.

१९८५ मध्ये मायकेल लिबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी या विकाराला ‘दुर्लक्षित’ म्हटलं, तेव्हापासून संशोधनाला खरा जोर आला. त्यांचा आणि रिचर्ड हाइमबर्ग यांचा १९९८ चा अभ्यास अभ्यासकांनी मुळातून वाचावा. १३३ रुग्ण, दोन केंद्रं, एक औषधांसाठी नावाजलेलं, दुसरं सीबीटीसाठी, म्हणजे आपापल्या घरच्या मैदानाचा फायदा कुणाला नको. फेनेल्झिन हे जुनं औषध आणि गटातली सीबीटी, दोन्ही प्लासिबोपेक्षा सरस. औषधाचा गुण लवकर आला. पण उपचार थांबवल्यावर आजार उलटण्याचा कल औषधाच्या गटात जास्त दिसला. फेनेल्झिनला पथ्यं फार, म्हणून आज ते कुणी सहसा देत नाही. आज देतात ती एसएसआरआय गटातली, मूळची नैराश्यावरची औषधं; पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन ही त्यांतलीच. १९९८ च्या पॅरॉक्सेटिनच्या चाचणीत बारा आठवड्यांत ५५ टक्क्यांना चांगला गुण, प्लासिबोवर २४ टक्क्यांना.

मग दोन्ही एकत्र? २००४ मध्ये जोनाथन डेव्हिडसन यांच्या चाचणीत २९५ रुग्ण होते. गुण आलेल्यांचं प्रमाण असं : फ्लुओक्सेटिन ५१ टक्के, गटातली सीबीटी ५२, दोन्ही मिळून ५४, नुसता प्लासिबो ३२. प्रौढांत बेरीज झाली नाही. मुलांत मात्र झाली. २००८ मध्ये चिंतेच्या विकारांच्या ४८८ मुलांमध्ये सर्ट्रालिन आणि सीबीटी मिळून ८१ टक्के, एकटी सीबीटी ६० आणि एकटं सर्ट्रालिन ५५ च्या आसपास. २०१४ मध्ये १०१ चाचण्या, तेरा हजारांहून अधिक माणसं एकत्र घेऊन तुलना झाली, तीत वैयक्तिक सीबीटी सर्वांत वर आली. उपचारांच्या शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनंही २०१३ मध्ये प्रौढांसाठी तीच पहिली सांगितली. मघाच्या ८४ टक्क्यांचं काय? जर्मनीत २०१३ मध्ये ४९५ रुग्णांवर, अनेक केंद्रांत, त्याच धाटणीचा उपचार तपासला. मोजमाप वेगळं होतं, पण लक्षणं जवळपास गेली अशांचं प्रमाण ३६ टक्के निघालं, मनोगतिक, म्हणजे मनात दडलेले संघर्ष उलगडणाऱ्या उपचारांत २६, प्रतीक्षा यादीत ९. उपचार उपयोगी आहे, रामबाण नाही.

ही बहुतेक माणसं अमेरिका-युरोपातली. आपल्याकडे २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झालं, त्यांत महाराष्ट्र नव्हता. याचा मला अजून राग आहे. आशा वाटते ती शेजारच्या गोव्यातल्या ‘मानस’ चाचणीमुळे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना प्रशिक्षण दिलेले, डॉक्टर नसलेले समुपदेशक मदत करू शकतात. सरकारी आरोग्य केंद्रांत फरक स्पष्ट दिसला, खाजगी दवाखान्यांत नाही. आपली ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रं पाहता हे इथे करून बघण्याजोगं आहे, आणि सामाजिक भीतीसाठी, मराठीत, घरच्यांना बरोबर घेऊन करून बघायला हवं.

तर उत्तर. मोठ्या माणसासाठी आधी वैयक्तिक सीबीटी, ती मिळत नसेल किंवा नको असेल तर एसएसआरआय, आणि नैराश्यही जोडीला असेल तर औषधाचा विचार लवकर. पॅरॉक्सेटिन चालू असेल तर मनानं एकदम बंद करू नका, डॉक्टर सांगतील तसं उतरवत न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक लिहून घ्या. ज्याला फोनचीच भीती आहे त्याच्यासाठी पहिला फोन घरच्यांनी लावला तरी चालेल, दुसरा त्यानं लावावा. आणि सीबीटीसाठी कुणाकडे गेलात तर पहिल्याच भेटीत विचारा : ‘तुम्ही माझ्याबरोबर खोलीबाहेर येणार का? व्हिडिओ दाखवणार का?’ नुसतं खुर्चीत बसून विचार बदलायला सांगणार असतील तर दुसरीकडे चौकशी करा.

आता प्रश्न घेऊ. जागेवर उभं राहून विचारलेत तर मला जास्त आवडेल. आवाज कापला तरी हरकत नाही, आम्ही थांबून ऐकू.